ओळीतला डबा

जालना
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. तृप्ती,

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी तुझ्या गिरणीतल्या घड्याळात पाहिली आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली, म्हणून तिच्याबद्दल वाद नको. त्या वेळी केदारखेड्याच्या गिरणीत, गावातल्या बायकांच्या देखत, माझा ज्वारीचा डबा तू ओळीतून उचललास आणि पार मागे, भुशाच्या पोत्याला टेकवून ठेवलास. माझ्या जागी स्वतःच्या घरचा डबा पुढे घेतलास.

माझ्या आधीचा नंबर सोनूबाईचा होता. ती तिचं पीठ घेऊन निघून गेली होती. पुढचा नंबर माझा. तुझ्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या भावाने, ही गिरणी सुरू केली तेव्हापासूनचा तिथला रिवाज मला ठाऊक आहे. ज्वारीवर ज्वारी, बाजरीवर बाजरी, आणि ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी. ज्यांना घरी कामं असतात त्या सकाळीच रिकामा डबा ठेवून नंबर लावतात आणि धान्य मागून आणतात. त्या रिकाम्या डब्यालासुद्धा कोणी हात लावत नाही. मग माझ्या भरलेल्या डब्याने असं काय पाप केलं होतं?

एवढ्यावर थांबली असतीस तरी मी गिळलं असतं. पण तुझा डबा अर्धा दळून झाल्यावर तू मोटर बंद केलीस आणि म्हणालीस, "लाईट गेली." तुझ्या डोक्यावर बल्ब जळत होता, तृप्ती. ओळीतल्या नंदाबाईने त्या बल्बकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मी डबा उचलला आणि बसने परत आले. जालन्यापर्यंत तो मांडीवर होता, कारण कंडक्टर म्हणाला, "आजी, डब्याला सीट मिळत नसती."

फोन करू नकोस. मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला आहे. तारेवर माणसं किती सहज खोटं बोलतात ते माझ्याइतकं कोणी ऐकलं नसेल. कागदावर हात जरा तरी अडखळतो. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं की तक्रार करायची तर तारीख, वेळ आणि जागा घालून करायची, आणि रडायचं नाही. मी रडत नाही. अतिकचा भाजीचा टेम्पो रोज इकडे येतो. त्याच्या हाती बुधवारच्या आत लेखी खुलासा पाठव.

हेमलता आत्या


केदारखेडा
मंगळवार, १४ ऑक्टोबर

ती. आत्याबाईंना तृप्तीचा साष्टांग नमस्कार.

तुमच्यासारखं लिहिता येत न्हाई, बोलते तसंच लिहिते, राग मानू नका.

चूक झाली. बिलकुल झाली. पण तुमचा अपमान करायचं माझ्या मनात न्हवतं. त्या दिवशी बेल्ट घसरून राह्यला होता आणि माझं डोकं ठिकाणावर न्हवतं. हे अंकुशनगरला, साखर कारखाना सुरू व्हायच्या आधीची दुरुस्ती चालू हाये म्हणून घरी येत न्हाईत. गिरणी मी एकटी बघते. वीज कधी येती, कधी जाती. अर्ध्या गावात घरघंटी आली. ज्यांच्याकडं घरघंटी हाये त्या बायका फक्त बाजरीला माझ्याकडं येतात, बाजरीनं घरची मशीन कडू होती म्हणून. बाकीच्यांना पुड्यातलं पीठ गोड लागतंय. दिवाळीच्या भाजणीवर माझं सगळं वर्ष उभं हाये, आणि त्याच दिवसांत माझ्याकडून असं झालं.

मोटर सध्या बंदच ठेवली हाये. मिस्त्री आला की चालू करीन. तवर तुमची ज्वारी दुसरीकडं दळून घ्या. माझ्याकडं पाठवू नका.

आणि एक. तुमच्या शेजारच्या आयेशा सिस्टरला, त्या दवाखान्यात असतात म्हणून, सहज विचारा, कुणाच्या पोटात शेतीचं औषध थोडंसं गेलं तर ते किती दिवसांनी कळतं? आणि थोडं म्हणजे किती? माझं नाव सांगू नका. ह्यांच्या कानावर तर अजिबात घालू नका. उत्तर अतिकभाईजवळ बंद पाकिटात द्या.

तुमची
तृप्ती


जालना
बुधवार, १५ ऑक्टोबर, सकाळ

तृप्ती,

तू काय प्यायलीस?

मी तुला फोन केला. पुन्हा केला. बंद आहे. तुमच्या घरात दुसरा फोन नाही आणि अंकुशनगरला आदिनाथला कळवू नको असं तूच लिहिलं आहेस. मी आयेशाच्या दारावर चपला न घालता गेले. ती म्हणाली, "आपा, किती दिवसांत कळतं हे कोण विचारतंय? ज्याने विचारलंय त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

एका डब्यावरून मी तुला चार शब्द जास्त लिहिले असतील. माझी जीभ तिखट आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लग्न करून आलीस त्या दिवशी तुझ्या सासूने तुलाही सांगितलं होतं. पण डब्यावरून कोणी जीव देत नाही! बेल्टवरून देत नाही, घरघंटीवरून देत नाही. हे वाचते आहेस ना? की वाचणारं दुसरंच कोणी आहे?

अतिकचा टेम्पो भाजी उतरवून आत्ता परत निघतो आहे. त्याला सांगितलं आहे की तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, तुझ्या तोंडाचा वास घ्यायचा, आणि तुझ्या हातचं उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही. तो म्हणाला, "आपा, दुसरी खेप आहे माझी." मी म्हणाले, तुझी खेप खड्ड्यात गेली. तो परत येईपर्यंत मी दारात उभी आहे. रिकाम्या हाताने आला तर मिळेल त्या गाडीने मीच येते.

लिही. वेडंवाकडं लिही, पण लिही.

आत्या


केदारखेडा
बुधवार, दुपार

आत्याबाई,

मी काहीच प्याले न्हाई. अतिकभाईनं खरंच मला जीभ दाखवायला लावली. "आपा का हुकूम है," म्हणतात. ते दारात उभे हाईत, म्हणून जल्दी लिहिते. आता काहीच लपवत न्हाई.

शनिवारी सोनूबाईची ज्वारी दळताना मला वास आला. पीठ गरम पडतं तवा ज्वारीला गोडसर वास असतो. ह्या पिठाला फवारणीच्या पंपाचा वास होता. ती डबा घेऊन गेली, आणि मंग माझी नजर पीठ पडतं तिथल्या कापडावर गेली. कापडाची कड गुलाबी झालती. बियाण्याची ज्वारी कशी गुलाबी असते तुम्हाला माहीत हाये. औषध लावलेली असते, पाकिटावर कवटीचं चित्र असतं.

पुढचा डबा तुमचा होता. दगडात मागच्याचं थोडं पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या पिठात उतरतं. म्हणून तुमचा डबा मी मागं नेला आणि माझी ज्वारी घातली, दगड साफ व्हावा म्हणून. ते पीठही गुलाबीच पडायला लागलं. मी मोटर बंद केली. लाईट गेली म्हणाले. तो बल्ब मला दिसलाच न्हाई. सगळे गेल्यावर माझं पीठ मागं खड्डा करून पुरलं.

दुपारी सोनूबाईकडं गेले. पिठात दगडाची कपची गेली, परत द्या, मी माझ्या ज्वारीचं देते, असं खोटंच सांगितलं. ती हसली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "कपची न्हाई ती. तुला वास आला, व्हय ना? यंदाच्या पाण्यात घरची ज्वारी काळी पडली बाई. पेरून उरलेलं बियाणं होतं, ते चांगलं चोळून धुतलं, उन्हात घातलं. पांढरं झालं की मोत्यासारखं. आता काय राह्यलंय त्यात?" मी म्हणाले, आई, खाऊ नका. तर तिनं माझा हात धरला. "सुनेला बोलू नको. बेबीनंदा मला घराबाहेर काढील."

मी बोलले न्हाई. घरी आले. आत्याबाई, खरं सांगते, सोनूबाईसाठी न्हाई, माझ्यासाठी गप्प बसले. हे गावात फुटलं तर सोनूबाईनं बियाणं दळलं असं कोण म्हणल? तृप्तीच्या गिरणीतून विष निघालं, असंच म्हणतील. दिवाळीच्या तोंडावर.

शनिवारपासून झोप न्हाई. काल त्यांची शेळी मेली. धुतलेल्या ज्वारीचं पाणी दावणीजवळ ओतलं होतं. बेबीनंदा म्हणती, पान लागलं, साप चावला. सोनूबाईची नात मीना रोज शाळेला माझ्या दारावरून जाती आणि पट्टा फिरताना दिसला की थांबून बघती. रोज ती दिसली की माझा जीव भांड्यात पडतो.

आज ती गेली न्हाई.

मी काय करू, सांगा. न्हाई, सांगू नका, तुमचं उत्तर येईपर्यंत उशीर होईल. हे पत्र अतिकभाईच्या हातात दिलं की मी सोनूबाईकडंच निघते.

तृप्ती


केदारखेडा, गिरणीच्या पायरीवरून
बुधवार, संध्याकाळ

तृप्ती,

ही चिठ्ठी शटरच्या फटीतून आत सरकवते आहे.

तुझं पत्र वाचलं आणि अतिकच्याच टेम्पोत बसून आले. गिरणी बंद. तुझ्या घराला कुलूप. सोनूबाईचं दार सताड उघडं, आत कोणी नाही. चुलीवर तवा आहे आणि तव्यावर करपलेली भाकरी आहे. दावणीला नुसतं दावं.

नंदाबाई सांगते की दुपारी जीपने भोकरदनला नेलं. कोणाला नेलं ते तिला माहीत नाही. आरडाओरडा झाला, एक बाई रस्त्याने धावत जीपमागे गेली, एवढंच तिने पाहिलं. ती धावणारी तूच असावीस.

परातीतली भाकरी, उरलेलं पीठ आणि तव्यावरचा कोळसा, सगळं मी एका पोत्यात बांधलं. नंदाबाईच्या नवऱ्याने ते लांब नेऊन पुरलं. लोक विचारतात, काय झालं. मी सांगितलं, या पिठाला कोणी हात लावू नका, कुत्र्यालाही घालू नका. कोणाचं चुकलं ते मी बोलले नाही. ते तू बोलायचं आहेस.

शेवटची बस आली. घाईत लिहिते आहे, अक्षर लागेल तसं वाच. ती पोर जगली का, एवढं मला कळव. त्यासाठी फोन चालेल.

आत्या


केदारखेडा
सोमवार, २७ ऑक्टोबर

ती. आत्याबाईंना नमस्कार.

तुमची चिठ्ठी शटर उघडल्यावर सापडली, तवा मीना घरी आलती. फोनवर तुम्हाला "मीना वाचली" एवढंच बोलून फोन ठेवला. बाकीचं आज लिहिते.

त्या दिवशी मी पोचले तवा मीना अंगणात पडलेली, तोंडातून लाळ, उलट्या. बेबीनंदा लिंबू पिळत होती. म्हणे ऊन लागलं. मी ओरडले, ऊन न्हाई, पीठ हाये! बियाण्याची ज्वारी हाये! सोनूबाई भिंतीला पाठ लावून खाली बसली. कुणी ऐकंना. मीनाला जीपमध्ये घातलं. मी मागं पळाले, मंग एका मोटरसायकलवाल्यानं नेलं.

दवाखान्यात डॉक्टर विचारून राह्यले, काय खाल्लं, तर बेबीनंदा सांगती, भाकरी, रोजचीच. मी पुढं झाले आणि सगळं सांगितलं. बियाण्याचं रिकामं पाकीट बेबीनंदाच्या नवऱ्यानं गोठ्यातून आणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं कळालं, मी दुसरीच लाईन धरणार होतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी मीना घरी आली. बारीक झाली हाये, पण बोलती.

आता पुढचं. बेबीनंदा गावभर म्हणून राह्यली, आमचं बियाणं सगळं पेरण्यात गेलं, म्हणून पाकीट रिकामं, तृप्तीच्याच दगडात औषध होतं, तिलाच आधी कसं ठाऊक? सोनूबाई एक शब्द बोलत न्हाई. पदर तोंडावर घेऊन बसती. दिवाळीची एक भाजणी माझ्याकडं आली न्हाई. बायका डोक्यावर डबा घेऊन माझ्या दारावरून पुढच्या गावाला जातात. कुणी इकडं बघत न्हाई. शटरवर कोळशानं "इखाची गिरणी" असं लिहिलं होतं. मी पुसलं, दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. सुताराची पोरं तर दारावरून जाताना नाकाला रुमाल लावतात. तसं माझ्या मागावर कुणी न्हाई, पण पाऊल वाजलं की मी दचकते.

हे म्हणतात, बंद कर आणि अंकुशनगरला ये. मोटर आणि दगड विकत घेणारा एक माणूस शुक्रवारी बघायला येणार हाये. मी हो म्हणाले.

आज सकाळी तर जास्तच झालं. शटर उघडलं तर पायरीवर सोनूबाईचा डबा. रिकामा. झाकणावर तिचं नाव ठोकलेलं हाये, म्हणून ओळखला. आजूबाजूला कुणी न्हाई. रिकामा डबा दारात आणून टाकायचा म्हणजे काय, आत्याबाई? तुझी गिरणी अशीच रिकामी राहो, असंच ना? मला हात लावायचं भ्या वाटून राह्यलं. अजून तिथंच हाये. मी मागच्या दारानं ये-जा करते.

तुमच्या डब्याबद्दल मात्र माफी करा. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून मी तो सरकवला न्हवता.

तृप्ती


जालना
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

चि. तृप्ती,

तुझं पत्र मिळालं. आधी माझी तक्रार. ती मी मागे घेतलेली नाही, फक्त बदलली आहे. डबा सरकवलास ते बरोबर केलंस. पण सरकवताना "आत्या, यात औषध आहे, सगळ्यांनी लांब व्हा" एवढं म्हणाली असतीस तर मीनाच्या आईला लिंबू पिळायची वेळ आली नसती. तू शनिवारी गप्प बसलीस. बुधवारी बोललीस म्हणून ती पोर आज बोलते आहे. दोन्ही गोष्टी मी लक्षात ठेवीन, तूही ठेव. यावर आणखी रडायचं नाही.

आता त्या डब्याचं. तू गिरणीवाली असून हे मी सांगावं? सकाळी उठून रिकामा डबा गिरणीच्या पायरीवर कोण ठेवतं? ज्यांना घरी कामं असतात आणि ज्यांचं धान्य मागून येणार असतं, त्या बायका. त्याला तुझ्या गावात शाप म्हणत नाहीत, नंबर लावणं म्हणतात. ज्या सुनेच्या भीतीने सोनूबाई पदराआड बसली आहे, त्या सुनेच्या घरातून गावच्या रस्त्याने डबा घेऊन ती तुझ्या दारापर्यंत आली. स्वतःचं नाव ठोकलेला डबा घेऊन आली. याच्याहून जास्त बोलण्याची ताकद आज तिच्यात नाही. आणि तू त्या डब्याला घाबरून मागच्या दाराने येतेस-जातेस! भीतीने तुझी नजर गेली आहे, दुसरं काही नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट करते. तिचा नंबर दुसरा. पहिला माझा. ११ ऑक्टोबरपासून माझा आहे आणि तो मी सोडलेला नाही.

म्हणून आता हे कर. मिस्त्रीला बोलाव आणि दगडांना टाकी मारून घे, वरचा थर निघून जाईल इतकी. पट्टा, कापड, पीठ पडतं ते तोंड, सगळं बदल किंवा धुऊन उन्हात घाल. मग तुझी ज्वारी दळ आणि ते पीठ पुन्हा पुरून टाक. हे सगळं शटर पूर्ण उघडं ठेवून, दिवसाढवळ्या कर. ज्यांना बघायचं आहे त्यांना बघू दे. शटरवरचं कोळशाचं पुसू नकोस, त्याच्याच खाली पांढऱ्या रंगाने लिही की इथे बियाण्याची ज्वारी दळली जाणार नाही, धुतलेलीही नाही. आयेशाला मी सगळं विचारून घेतलं आहे. ती म्हणाली, एवढं केल्यावर हरकत नाही, आणि वर म्हणाली, "आपा, तरी तुम्हीच कशाला?"

कारण दुसरं कोणी येणार नाही, म्हणून. तोच डबा, तीच ज्वारी, जिला तू भुशाच्या पोत्याला टेकवलं होतंस, ती घेऊन मी शुक्रवारी सकाळी अतिकच्या टेम्पोतून येते. ओळीत पहिला डबा माझा लागेल. त्या पिठाची भाकरी तू गिरणीच्या दारातच चूल मांडून करशील आणि मी पायरीवर बसून सगळ्यांच्या देखत खाईन. नंदाबाईला मुद्दाम बोलाव, तिला बल्ब बघायची हौस आहे. ज्या बायका डबा घेऊन पुढच्या गावाला निघालेल्या असतील त्यांना दिसेल असंच बसेन. दिवसभर बसेन, संध्याकाळी उठून चालत बसपर्यंत जाईन, तेही त्यांनी पाहावं.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. काल माझ्याच घरातल्या ज्वारीत मी हात घातला आणि दाणे उजेडात धरून बघत बसले. त्या तव्यावरची करपलेली भाकरी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पहिला घास गिळताना मी बहुतेक कॉन्व्हेंटातली प्रार्थना मनात म्हणेन. पण गिळेन.

मोटर बघायला जो माणूस येणार आहे त्याला शुक्रवारी येऊ दे. ओळ बघून जाऊ दे.

फोन नको. गुरुवार, ३० ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत, अतिकच्या हाती, तुझ्या सहीने मला दोनच गोष्टी लेखी हव्यात. सोनूबाईचा डबा पायरीवरून उचलून आत, ओळीत ठेवला का? आणि त्याच्या पुढे माझ्या डब्याची जागा मोकळी सोडली का?

हेमलता आत्या